हैदराबादच्या नावाचे विमान : प्रस्तावना

लंडनच्या हेंडन भागात ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे. तिथे पहिल्या महायुद्धातले एक द्विपंखी बॉम्बफेकी विमान जपून ठेवलेले आहे : डी हॅविलंड ९ए, क्रमांक एफ १०१०. हे विमान हैदराबादच्या निजामाने भेट दिले आहे, असा मजकूर त्याच्या अंगावर रंगवलेला आहे आणि सोबत 'हैदराबाद १२ए' असा क्रमांक. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीवरच्या मोहिमेत हे विमान शत्रूच्या हद्दीत उतरले आणि त्यातले दोघे कैद झाले. विमान आधी बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडला पोहोचले आणि १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात इंग्लंडला परतले.

त्याच संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातले एक लँकेस्टर आहे, क्रमांक आर ५८६८. चार इंजिनांच्या या अजस्र बॉम्बरने १३७ मोहिमा केल्या. त्यांतल्या चौदा मोहिमांत त्याचा नॅव्हिगेटर, म्हणजे दिशादर्शक, एक मराठी आडनावाचा माणूस होता : शैलेंद्र एकनाथ सुखटणकर.

एका विमानावर हैदराबादचे नाव आहे, दुसऱ्याच्या इतिहासात एक मराठी आडनाव. मराठी पुस्तकांत मात्र दोन्ही क्वचितच भेटतात. प्रस्तुत संग्रह त्या रिकाम्या जागेसाठी आहे. बॉम्बफेकी विमानाच्या क्रूमधला माणूस कसा जगला, कसा मेला, त्याच्या मृत्यूची नोंद कुणी ठेवली आणि त्या सगळ्याशी आपला काय संबंध, हा त्याचा विषय.

संबंध सांगायला पाटोदा हे गाव पुरेसे आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेतले, बीड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. १९१८ साली पाटोदा, आणि सगळा बीड जिल्हा, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना एका स्क्वाड्रनची विमाने पुरवली. म्हणून त्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नावाला 'हैदराबाद' हे नाव जोडले गेले. तिच्या बोधचिन्हावर वाघही आला. संस्थानाचा खजिना मुख्यतः शेतसाऱ्यावर चाले आणि मराठवाड्याच्या ज्वारी-कापसाचा सारा त्याच खजिन्यात जाई. पाटोद्याच्या माळावर सारा भरणाऱ्या कुणब्याला मॅनहाइम किंवा फ्रँकफर्ट ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या शहरांवर जाणाऱ्या विमानांवर त्याच्या संस्थानाचे नाव होते.

ती विमाने दोन माणसांची. पुढे वैमानिक, मागे निरीक्षक. निरीक्षकच मशीनगन चालवायचा आणि नकाशाही वाचायचा. कॉकपिट उघडे आणि थंडी हाडे गोठवणारी. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सला पोहोचलेल्या या स्क्वाड्रनने युद्ध संपेपर्यंतच्या जेमतेम अडीच महिन्यांत शत्रूच्या माऱ्यामुळे १७ विमाने गमावली, तर अपघातांत त्याहून अधिक, २८. बॉम्बर माणसाच्या मृत्यूचे हे पहिले वैशिष्ट्य इथेच दिसते : शत्रू त्याला मारतो, तसेच हवामान, इंजिन आणि धावपट्टीही मारते.

त्याच वर्षी एका मराठी तरुणाचा हवाई युद्धात मृत्यू झाला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकले आणि ब्रिटिशांच्या हवाई दलात दाखल झाले. ते बॉम्बरवर नव्हते. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एकासनी डॉल्फिन लढाऊ विमान चालवत. २७ जून १९१८ रोजी त्यांचे विमान पाडले गेले आणि तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत त्यांचा अंत झाला. कबरीवर त्यांचे नाव 'वुमकर' असे चुकीचे पडले होते, त्यामुळे ती ओळखायला वेळ लागला. आज ती फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत आहे. हवाई युद्धात मेलेल्या माणसाचे नाव जमिनीवर किती सहज बदलते, याचा हा नमुना. पुढे दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण हजारोंच्या वाट्याला आली.

ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिशांनी जर्मन युद्धनौकांवर पहिला बॉम्बहल्ला केला. त्याचे नेतृत्व ११० (हैदराबाद) स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरन यांच्याकडे होते. विल्हेल्म्सहाफेनजवळ दोन स्क्वाड्रनची दहा ब्लेनहाइम विमाने गेली, पाच परतली. एक ब्लेनहाइम 'एम्डेन' या जर्मन क्रूझरवर कोसळले. हैदराबाद स्क्वाड्रनच्या न परतलेल्या विमानाच्या वैमानिकाचे आडनावही एम्डेन होते. कादंबरीत हा योगायोग कुणी लिहिला असता, तर संपादकाने तो खोडला असता.

यानंतर दिवसाउजेडी बॉम्बफेक परवडत नाही, हे कळायला ब्रिटिशांना फार महिने लागले नाहीत. मोहिमा रात्री होऊ लागल्या. रात्री नेम कितपत लागतो, याचा हिशेब ऑगस्ट १९४१ मध्ये बट अहवालाने मांडला : लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, कारखान्याऐवजी अख्खे शहर हेच लक्ष्य ठरू लागले. दुसरी, वाट दाखवणारे वेगळे दल उभे राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये डॉन बेनेट यांच्या हाताखाली निघालेले 'पाथफाइंडर' दल मुख्य ताफ्याच्या पुढे जाऊन रंगीत ज्योती टाकी. मागून येणारे त्या खुणेवर बॉम्ब सोडत.

सुखटणकर याच दलात, ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. साध्या क्रूची एक मुदत तीस मोहिमांची असे, पाथफाइंडरची पंचेचाळीस. सुखटणकरांनी पंचेचाळीस पूर्ण केल्या आणि 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळवला. नॅव्हिगेटरचे काम बाहेरून पाहणाऱ्याला युद्ध वाटणार नाही. पडद्याआड छोट्या दिव्याखाली एक टेबल, त्यावर नकाशा, पट्टी, पेन्सिल आणि घड्याळ. वारा किती, वेग किती, वळण कधी, याची नोंद काही मिनिटांच्या अंतराने करत राहायची. खाली शहर पेटलेले असले तरी त्याने खिडकीशी जाऊ नये, अशी अपेक्षा. त्याचा हिशेब चुकला तर सातही जण समुद्रात.

सात, कारण लँकेस्टरचा क्रू सात जणांचा : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, पाठीवरच्या बुरुजातला गनर आणि शेपटातला गनर. या सात जणांची जुळणी सहसा वरिष्ठ करत नसत. प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेकांना एका हँगरमध्ये सोडत आणि आपापले सोबती शोधा म्हणत. कॅनडाचा शेतकरी, लंडनचा कारकून, ऑस्ट्रेलियाचा शिक्षक असे एकत्र येत आणि मग एकत्रच उडत, एकत्र दारू पीत, एकत्र रजेवर जात. शेपटातला गनर मात्र आठ-आठ तास एकटा असे. विजेवर तापणारा पोशाख बिघडला, तर हाताची बोटे गोठून जात.

आता आकडे. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसे विमानांतून लढली. सगळे स्वयंसेवक. त्यांतले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. ३०-३१ मार्च १९४४ च्या एकाच रात्री न्युरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. आणि खाली? जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार. हे दोन्ही हिशेब एकाच पानावर ठेवल्याशिवाय हा विषय कळत नाही. अनेकांना ते एकत्र ठेवणे जड जाते आणि या विषयावरचे बरेचसे वाद तिथूनच निघतात.

मरणाची रीतही समजून घ्यावी लागते. पायदळातला सैनिक पडतो तेव्हा शेजारच्याने ते पाहिलेले असते. बॉम्बरचा क्रू पडतो तेव्हा तळावर एवढेच कळते की विमान आले नाही. घरी तार जाते : बेपत्ता. त्याचे कपडे, पत्रे, सायकल यांची यादी करणारे लोक खोलीत येतात. सहा महिन्यांनी 'मृत मानले जात आहे' असे पत्र. युरोपातले युद्ध थांबले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे बेचाळीस हजार लोक बेपत्ता होते. त्यांना शोधायला खास तुकड्या नेमल्या. त्यांनी गावोगावचे पाद्री, शेतकरी, कबरी खणणारे यांना विचारत फिरून बऱ्याच जणांचे ठिकाण लावले. ज्यांचे लागले नाही, त्यांतल्या वीस हजारांहून अधिक जणांची नावे लंडनजवळ रनीमीड येथे दगडात कोरली आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात हरवलेल्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत.

ब्रह्मदेशची आघाडी आपल्याकडच्या वाचकाला युरोपपेक्षा जवळची. ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन १९४२ मध्ये हिंदुस्थानात आली आणि व्हेंजन्स या डाइव्ह बॉम्बरवर आराकानमध्ये लढली. आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनही व्हेंजन्सवरच होत्या. त्यांचे नेतृत्व हेम चौधुरी आणि निरंजन प्रसाद यांच्याकडे होते. हे विमान लक्ष्याच्या वर येऊन जवळजवळ उभ्या रेषेत खाली झेपावे, बॉम्ब सोडे आणि सावरे. मागच्या आसनावरचा माणूस वैमानिकाकडे पाठ करून बसलेला; त्याला जमीन दिसे ती विमान सावरल्यावर. इंफाळच्या लढाईच्या दिवसांत या स्क्वाड्रननी रस्ते आणि पूल तोडायचे काम केले. जंगलात कोसळलेले विमान अनेकदा सापडतही नसे. पुढे ११० स्क्वाड्रनकडे मॉस्किटो विमाने आली. जपानने शरणागती जाहीर केल्यावरही, २० ऑगस्ट १९४५ रोजी, ती ब्रह्मदेशात बॉम्बफेक करत होती.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा आपल्या हवाई दलात आली ती आधी कानपूरला दुरुस्त केलेल्या जुन्या लिबरेटर बॉम्बरवर आणि १९५७ पासून कॅनबेरा या बॉम्बरवर. पुण्याचे लोहगाव हे कॅनबेराचे एक घर. या विमानाच्या आपल्याकडच्या बॉम्बर प्रकारात दोघे असत आणि त्यांतल्या नॅव्हिगेटरला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची नव्हती. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या मोहिमेवरून परतणारे एक कॅनबेरा पाकिस्तानच्या एफ-१०४ या लढाऊ विमानाने पाडले. वैमानिक एम. एम. लोव बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले, नॅव्हिगेटर के. के. कपूर गेले. विमानाची रचना माणसाचे आयुष्य कसे ठरवते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या चोपन्न जणांच्या यादीतही कॅनबेराच्या क्रूमधली राम अडवाणी आणि एल. एम. सासून ही नावे आहेत.

त्याच यादीत एक मराठी नाव आहे : फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. सुखोई-७ या लढाऊ-बॉम्बर विमानाचे ते वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावरच्या हल्ल्यात त्यांचे विमान पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पाकिस्तानच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये 'टोंबे' अशासारखे नाव छापून आले आणि त्या एका अक्षराच्या फरकावर अनेक दशकांचा शोध उभा राहिला. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन आले. उत्तर मिळाले नाही.

या विषयावरच्या लेखनाचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला धोरणाचा : बॉम्बफेकीने युद्ध जिंकले का, हा त्याचा प्रश्न. चार्ल्स वेब्स्टर आणि नोबल फ्रँकलंड यांचा चार खंडांचा अधिकृत इतिहास १९६१ मध्ये आला. फ्रँकलंड स्वतः बॉम्बरचे नॅव्हिगेटर होते, तरीही त्यांनी आपल्या वरिष्ठांचे दावे तपासून घेतले आणि रोष ओढवून घेतला.

दुसरा प्रवाह क्रूचा. मार्टिन मिडलब्रुक हे लिंकनशायरचे कोंबडीपालन करणारे गृहस्थ. त्यांनी न्युरेंबर्गच्या एका रात्रीवर १९७३ मध्ये पुस्तक लिहिले, दोन्ही बाजूंच्या शेकडो लोकांना गाठून. विद्यापीठाबाहेरच्या माणसाने केलेले हे काम आजही या शाखेचा पाया मानले जाते. या प्रवाहाचे बळ तपशिलात आहे. त्याचा धोकाही तिथेच : विमानातल्या सात जणांवर जीव जडला की खालचे शहर दिसेनासे होते.

तिसरा प्रवाह खालून वर पाहतो. जर्मनीत योर्ग फ्रीडरिक यांच्या २००२ च्या पुस्तकाने जळणाऱ्या शहरांची कथा सांगितली आणि मोठा वाद झाला. जर्मनांनी आधी काय केले ते विसरून जर्मनांचे दुःख सांगता येते का, असा तो वाद होता. चौथा प्रवाह नोंदींचा. डब्ल्यू. आर. चॉर्ली यांनी खंडामागून खंड काढून प्रत्येक हरवलेल्या विमानाची आणि त्यातल्या प्रत्येक नावाची यादी केली. लिंकनच्या बॉम्बर कमांड केंद्रात अशी जवळजवळ ५८ हजार नावे आहेत. यादी हे रुक्ष वाङ्मय. पण नातवाला आजोबांचे नाव सापडते ते यादीतच.

भारतात हे चारही प्रवाह उशिरा पोहोचले. एस. सी. गुप्ता यांचा १९३३ ते १९४५ या काळातल्या हवाई दलाचा अधिकृत इतिहास १९६१ मध्ये निघाला, पण त्यात माणसापेक्षा स्क्वाड्रन मोठी. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी २००५ मध्ये १९६५ चे हवाई युद्ध वैमानिकांच्या आठवणींसह लिहिले. रघू कर्नाड यांनी २०१५ मध्ये एकाच कुटुंबातल्या तीन तरुणांच्या महायुद्धातल्या मृत्यूचा माग काढला. मराठीत वि. स. वाळिंबे यांच्या 'वॉर्सा ते हिरोशिमा'ने पिढ्यांना दुसरे महायुद्ध सांगितले. पण ते नेत्यांचे आणि राष्ट्रांचे युद्ध. नॅव्हिगेटरच्या टेबलापर्यंत मराठी लेखन क्वचितच गेले.

आज हे का वाचावे? पहिले कारण सरळ आहे. ज्यांनी ते पाहिले, त्यांतले फार थोडे उरलेत. दुसरे कारण स्मारकांचे. दिल्लीत २०१९ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे आहेत, ते योग्यच. त्याआधीच्या बेपत्ता वैमानिकांची नावे मात्र रनीमीडला आणि क्रांजीला, परक्या देशांत. साम्राज्याच्या बाजूने लढले म्हणून स्वतंत्र देशाला ते आपले वाटत नाहीत, आणि कातडीच्या रंगामुळे साम्राज्याने त्यांना कधी पुरते आपले मानले नाही. तिसरे कारण आकाशाचे. युक्रेन असो की गाझा, शहरांवर बॉम्ब पडतातच आहेत. फरक इतकाच की त्यांतल्या कित्येक विमानांत आता माणूसच नसतो. सात माणसांना घेऊन जाणाऱ्या यंत्राचा इतिहास, माणूस नसलेल्या यंत्राच्या काळात नव्याने वाचावा लागतो.

या संग्रहाची भूमिका याच मुद्द्यावर उभी आहे. बॉम्बरमधल्या माणसाचे चरित्र एकट्या माणसाचे होऊ शकत नाही. त्याच्याबरोबर सहा जण असतात, तळावर त्याचे विमान दुरुस्त करणारे असतात, खाली अनोळखी शहर असते आणि दूर कुठेतरी त्या विमानाचे पैसे भरणारी रयत असते. इथले लेख या चौघांनाही एकत्र बसवू पाहतात. शौर्य जिथे आहे तिथे ते सांगितले आहे, पण ते सांगताना बॉम्ब कुठे पडला हा प्रश्न टाळलेला नाही. निजामाच्या देणगीचा गौरव नाही, तशीच तिची टिंगलही नाही. ती कुणाच्या घामाची होती, एवढे विचारले आहे.

संग्रहाच्या मर्यादाही आहेत. इथे इंग्लंडचे कागद जास्त आहेत, मराठवाड्याचे कमी. अधिकारी अधिक दिसतात. इंजिन उघडणारे फिटर आणि बॉम्ब चढवणारे हमाल कमी. बायकांचा आवाज बहुतेक तारेच्या दुसऱ्या टोकालाच ऐकू येतो. पुढच्या अभ्यासकाने इथून सुरुवात करावी.

एक गोष्ट वाचकाच्याही हाती आहे. पाटोदा, आष्टी, गेवराई, केजच्या कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत जुने कागद पडून असतात : लष्कराच्या शिक्क्याचे पाकीट, पेन्शनचे पुस्तक, गणवेशातला फोटो, साराभरणीची पावती. ते रद्दीत घालू नयेत. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहावे, घरातल्या थोरांना विचारून हुद्दा आणि तुकडी नोंदवावी, आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात द्यावी.